एक्केचाळीस नंबरचं घर

प्रेमदास सरांनी पाहणीसाठी निवडलेल्या घरांच्या यादीवरून फिरणारं बोट मध्येच थांबवलं.

"एक्केचाळीस काऊन खोडलं?"

विशाखा टेबलाच्या कडेला उभी होती. "सर, ते आमचंच घर आहे. म्हणून शेजारचं बेचाळीस घेतलं."

"चिठ्ठी कोणती निघाली होती?"

"एक्केचाळीसच."

"मग चिठ्ठीले काय ठाऊक, तू कोणाची पोरगी हायेस?" सर हसले, पण यादी त्यांनी परत केली. "घर चिठ्ठीनं निवडायचं, आपण नाही. एक जरी बदललं, तरी नमुना तुझ्या मर्जीचा झाला. घरी विचारून सोमवारी आण."

"आमच्या घरचं सगळं माहीत आहे सर. इथंच भरून देते."

"बाकीच्या घरांत विचारून भरलं ना? मग तिथंही विचार."

समाजशास्त्राच्या एम.ए.ला संख्याशास्त्राचा पेपर असतो, हे विशाखाला प्रवेश घेतल्यावर कळलं होतं. गेल्या वर्षी ती त्यातच नापास झाली. आईने आणखी एकच वर्ष दिलं होतं, आणि सोमवारी मुलींच्या शिक्षणाच्या या पाहणीची फाईल आली नाही तर पेपरला बसता येणार नव्हतं. सरांनी मात्र तिला सोडलं नव्हतं. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात ते तिच्यासाठी पुन्हा फळ्यापाशी उभे राहत. तिचं गणित चुकलं तर पुसत नसत. शेजारी बरोबर मांडत, म्हणजे पाय कुठे घसरला ते दिसावं.

संध्याकाळच्या एसटीने ती आपल्या गावी, रोहण्याला पोचली. आई, जिजाबाई, वेचणीवरून नुकतीच आली होती आणि लुगड्याला चिकटलेला कापसाचा कचरा काढत होती. थोरली बहीण पंचफुला चुलीपुढे भाकरी थापत होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती.

विशाखाने सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म काढला. "ताई, तुले काही विचाराचं हाय."

"मले?" पंचफुला हसली. "माय वं, सायबीन आली. बाज टाक."

विशाखाही हसली, पण प्रश्न तिने इतर घरांत वाचले तसेच वाचले. शिक्षण? तिसरी.

"शाळा कशानं सुटली?"

"काय काय लिवलं हाय त्यात?"

"शाळा दूर. गरिबी. लग्न. आजारपण. आवड नाही."

"आवड नाई, थेच लिही." पंचफुलाने तव्यावरची भाकरी उलटली.

विशाखाने खूण केली.

"खोटं काऊन सांगून राह्यली वं?" आई एकदम म्हणाली. "पहिला नंबर होता हिचा. गुरुजी बलवाले घरी आलते."

"राहू दे ना माय."

"राहू दे काय? मी वेचाले जात होती, आन् हे एवढीशी." आईने हनुवटीने विशाखाकडे दाखवलं. "हिले कोण पाहीन? मंग पंची राह्यली घरी. चालाले लागली तरी हिच्या कडेवरून उतरत नोहती थे."

चुलीतलं लाकूड तडतडलं. कारणांची यादी विशाखानेच केली होती, वर्ध्याच्या वाचनालयात बसून. हे कारण तिला सुचलंही नव्हतं. सरांनी यादी परत केली नसती, तर हा फॉर्म तिने तिथंच, न अडखळता भरून टाकला असता.

खूण तिने पुसली नाही. शेजारी लिहिलं: धाकटं भावंड सांभाळणं.

खाली घरातल्या मुलींच्या शिक्षणाच्या सरासरीचा रकाना होता. ताईची तीन वर्षं, तिची स्वतःची पंधरा. सरासरी नऊ. नऊ वर्षं शिकलेलं त्या घरात कोणीच नव्हतं. जेवढी ती वर होती, नेमकी तेवढीच ताई खाली होती.

"ताई, मले कधी सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगाचं त्यात? सांभाळलं तं सांभाळलं. जड होती तू, एवढंच."

विशाखाने फॉर्म बाजेवर ठेवला आणि चुलीपाशी आली. "सरक. मी थापतो."

"तू? तुयी भाकर म्हंजे नकाशा," पंचफुला म्हणाली, पण सरकली.

रविवारी सकाळी विशाखाने 'आवड नाही' या खुणेचे फॉर्म वेगळे काढले. गठ्ठा जाड निघाला. न विचारताच पंचफुला चपला घालून दारात उभी राहिली. दोघी आधी शकुबाईकडे गेल्या. ती अंगणात तूर पाखडत होती.

"पुन्हा आली का वं? त्या दिवशी सांगितलं ना, मन लागत नोहतं शाळेत."

विशाखाने या वेळी पर्याय वाचले नाहीत. फॉर्म तिने मांडीवर पालथा ठेवला.

"शकुबाई, तुमच्या पाठचे किती जण?"

शकुबाईने आधी तिच्याकडे, मग पंचफुलाकडे पाहिलं. तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"बसा दोघीजणी," ती म्हणाली. "सांगाले वेळ लागन."