पत्र्याच्या पेटीतला गारवा

मी एक जुना सेंट्रल एसी आहे, आणि मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून मला खोकणारा म्हातारा समजू नका. माझा श्वास आजही एका दमात सात खोल्यांत पोचतो. हसनाबादला पुंजारामांच्या बंगल्यात माझं राहणं आहे. माझं अंग दोन ठिकाणी वाटलेलं. निम्मा मी गच्चीवर बसून घरातली उष्णता बाहेर फेकतो आणि निम्मा मी घरातल्या बोळीच्या छतात लपून गारवा तयार करतो. बोळीतल्या मोठ्या जाळीतून घरातली गरम हवा ओढायची, थंड करायची आणि पत्र्याच्या नळकांड्यांमधून खोल्याखोल्यांच्या जाळ्यांतून परत द्यायची, हा माझा धंदा.

मला कारखान्यातून आणणारा ट्रक शहागडच्या पुलावर चहासाठी थांबला होता. तेव्हा मी नुसता एक उसासा टाकला, तर गोदावरीतल्या माशांना हुडहुडी भरली, असं ड्रायव्हर सांगायचा. ड्रायव्हर जरा वाढवूनच सांगायचा. पण दोन मासे काठावर ऊन खायला आले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या साली मोसंबी झकास झाली होती आणि पुंजारामांनी नवा बंगला बांधला होता. दुकानदारानं त्यांना प्रत्येक खोलीत वेगळा एसी बसवायला सांगितलं. त्यावर पुंजाराम म्हणाले, "घरात चूल एक हाय. मंग गारवा सात ठिकाणी कामून?" त्या एका वाक्यावर मी त्या घरचा झालो.

मला बसवलं भोकरदनच्या निजामोद्दीन मिस्त्रींनी. त्यांचा आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी आणि स्वतःची तारीफ सगळ्यांत मोठी. माझं बटण पहिल्यांदा दाबताना ते म्हणाले की, आता या घरात मे महिना नावाचा महिना येणार नाही. आणि खरोखर आला नाही, बरं का! पुंजारामांचा थोरला जावई ऐन वैशाखात मुक्कामाला आला, त्याला गोधडी मागावी लागली. पिंपळगाव रेणुकाईच्या व्याह्यांनी पोतंभर हिरवी मिरची आणून रात्रभर हॉलमध्ये ठेवली, तर सकाळी तिचा तिखटपणा उतरून ती काकडीसारखी लागायला लागली. व्याही अजून त्या मिरचीचं दुःख करतात. गल्लीतल्या चतुराबाई रोज दुपारी साखर मागायला यायच्या आणि संध्याकाळी साखर विसरून घरी जायच्या. असे माझे वैभवाचे दिवस होते.

मित्रांनो, मला नजर लागली ती शत्रूची नाही, प्रेमाची. गावात शेतातल्या मोटारींच्या केबली आणि तांब्याच्या नळ्या चोरीला जायला लागल्या. माझ्याही पोटात तांबं आहे. पुंजारामांना रात्रीची झोप लागेना. मग त्यांनी वेल्डरकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली आणि गच्चीवरच्या माझ्या अंगावर बसवली. वरून झाकण, चारी बाजूंनी पत्रा, पुढं कुलूप, हवेला फक्त खालच्या अंगाला चार फटी, आणि दारावर लाल रंगात स्वतःचं नाव. माझ्यासाठी देऊळच बांधलं असं त्यांना वाटत होतं. पेटीकडे पाहून ते मिशीला पीळ द्यायचे.

निजामोद्दीन मिस्त्री माझी वर्षाची साफसफाई करायला आले आणि पेटी पाहून जिन्यातच थांबले.

"पाटील, ही मशीन हाय का कैदी? हिनं बाहेर टाकलेली गरम हवा हिलाच परत प्यावी लागून राह्यली."

"मिस्त्री, घर माझं, मशीन माझी. पेटी मी माझ्या डोक्यानं बनवली."

"ते दिसूनच राह्यलं. मंग ऐका, जोवर ही पेटी हाय, तोवर मी ह्या जिन्यावर पाय ठेवणार न्हाई."

दोघांचीही मान ताठ होती आणि दोघांनाही ती वाकवता येत नव्हती. मिस्त्री गेले, त्यांच्यामागं माझी साफसफाईही गेली.

मग घरातल्यांनी बाकीचं पूर्ण केलं. देवघरात माझ्या वाऱ्यानं समई विझते म्हणून द्वारकाबाईंनी, म्हणजे पुंजारामांच्या मंडळींनी, तिथल्या जाळीला पुठ्ठा लावला. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या खोलीतली जाळी टॉवेलानं बंद झाली. स्वयंपाकघरात पोळ्या कडक होतात म्हणून तिथं जुनी पिशवी कोंबली. हॉलच्या जाळीवर गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल चढलं ते उतरवायचं राहिलं. आणि ज्या मोठ्या जाळीतून मी श्वास घेतो, तिच्यापुढं पाहुण्यांच्या गाद्यांची चळत लागली. प्रत्येकानं आपली एकच जाळी बंद केली होती, मित्रांनो. सगळ्यांची बेरीज कुणी केली नाही. आत गरम हवाच येईना, तेव्हा माझ्याच थंडीनं माझ्या अंगावर बर्फ साचला. तो वितळून सोफ्यावर ठिबकला, तर सगळे म्हणाले, मशीन म्हातारी झाली. माझं बटण बंद झालं आणि कित्येक उन्हाळे बंदच राहिलं.

आता साधनाबद्दल सांगतो. ती पुंजारामांची सून, रामप्रसादची बायको. मोसंबीच्या बाजूला तिनं तुती लावली आणि शेतात पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. या अळ्या तुतीचा पाला खाऊन मोठ्या होतात आणि मग अंगाभोवती रेशमाचा कोष विणतात. पण त्या फार नाजूक. ऊन वाढलं की माना टाकतात. साधनानं त्यांना स्वतःच्या हातानं चिमूटचिमूट पाला घालून वाढवलं होतं. सासरे म्हणायचे, किड्यांना कोण पोसतं? एका उन्हाळ्यात तिच्या अळ्या कोषावर यायला थोडेच दिवस उरले आणि बोअरचं पाणी आटलं. कूलर कोरडा, गोणपाटं कोरडी, शेड तव्यासारखी. सकाळी ती शेडमध्ये गेली तेव्हा कडेच्या अळ्यांनी पाला खायचा थांबवला होता.

ती तशीच घरी आली आणि पुंजारामांसमोर उभी राहिली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मामा, अळ्या हॉलमधी आणते. एसी चालू करा."

"तो भंगारात चालला. राधेश्याम आज टेम्पो घेऊन येऊन राह्यला."

"मंग त्याला थोडी जास्त जागा ठेवायला सांगा. माझ्या अळ्या पण त्याच टेम्पोत टाकते."

 साधनानं तिथूनच निजामोद्दीन मिस्त्रींना फोन लावला. काय बोलली ते मी छतातून नीट ऐकलं नाही, पण शेवटी ती एवढंच म्हणाली, "चाचा, तुमची मशीन भंगारात चालली." आपल्या हातानं बसवलेल्या मशीनबद्दल असं ऐकून कोणता मिस्त्री घरी बसेल?

ते आले ते तापलेल्या स्कूटरवरून आणि तापलेल्या डोक्यानं. पुंजारामांकडे न बघताच त्यांनी बोळीतली गाद्यांची चळत ढकलली. फिल्टर काढून झटकला, तर धुळीचा असा ढग उठला की समोरच्या गल्लीतली कोंबडी संध्याकाळ झाली समजून खुराड्यात गेली. मग ते खोलीखोलीत फिरले. पिशवी निघाली, पुठ्ठा निघाला, थर्माकोल निघालं. द्वारकाबाईंच्या खोलीतला टॉवेल निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, हा हरवला म्हणून मी धोब्याला बोल लावला होता." टॉवेलाच्या बदल्यात मिस्त्रींनी जाळीच्या पट्ट्या वळवून वारा त्यांच्या पलंगावरून भिंतीकडं नेला. एवढंच करायचं होतं, गुडघ्यांची तक्रार संपली.

आता माझी आतली जाळी धुवायची होती. मिस्त्रींनी जोराचं पाणी मारायला पंप मागितला. रामप्रसाद धावत जाऊन फवारणीचा पंप घेऊन आला. त्यानं नोझल माझ्याकडे रोखलं आणि साधनानं पंप त्याच्या हातातून हिसकला.

"ह्यानं तुम्ही मोसंबीवर औषध मारता. एसीत हे पाणी गेलं तर सगळ्या जाळ्यांतून तोच वारा येईल. एक अळी वाचणार न्हाई."

निजामोद्दीन मिस्त्रींनी तो पंप उचलून लांब अंगणात नेऊन ठेवला. मग पिण्याच्या पाण्याचे जार आले आणि मऊ ब्रश हवा म्हणून पुंजारामांचा दाढीचा ब्रश माझ्या सेवेला लागला. पुंजारामांनी तो स्वतःच आणून दिला. मिस्त्रींनी आतल्या पंख्याला जोर देणारा एक फुगलेला कपॅसिटर बदलला आणि बटण दाबलं.

मी चालू झालो, मित्रांनो. हॉलमध्ये अळ्यांचे ट्रे लागले, ओली गोणपाटं टांगली गेली, गारवा उतरला. अळ्यांनी डोकी वर केली. आणि ऐन दुपारी गच्चीवर माझा जीव गुदमरला. पेटीतली माझीच गरम हवा परत परत माझ्या तोंडात येत होती. मी धापा टाकल्या आणि बंद पडलो. मिस्त्रींनी पुन्हा चालू केलं, मी पुन्हा बंद पडलो. खाली हॉल तापायला लागला. साधना ट्रेजवळ बसून एका अळीकडे बघत होती. ती अळी पानावर होती, पण खात नव्हती.

"पेटी," निजामोद्दीन एवढंच म्हणाले. ते जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे होते. पाय मात्र त्यांनी वर ठेवला नाही.

पुंजाराम खिशातली किल्ली काढत गच्चीवर आले. ती कुलपात फिरेना, कुलूप गंजून पेटीशी एकजीव झालं होतं. मला वाटलं, आता माझी गोष्ट संपली. पण पुंजाराम खाली गेले आणि येताना पहार घेऊन आले. आपल्याच नावाच्या मधोमध त्यांनी पहार घुसवली आणि अशी उपटली की पत्रा सोलल्या मोसंबीसारखा उलगडला. एक बाजू, दुसरी बाजू, मग झाकण. आवाज असा झाला की भोकरदनच्या बाजारातल्या बैलांनी कान टवकारले म्हणतात. घामानं निथळत ते जिन्याच्या तोंडाशी आले आणि खाली बघून म्हणाले, "मिस्त्री, आता तरी पाय ठेवा."

मिस्त्री दोन-दोन पायऱ्या चढून आले. त्यांनी माझी बाहेरची जाळी धुतली, पंखा फिरवून पाहिला आणि पुंजारामांना म्हणाले, "बटण तुम्ही दाबा, पाटील. तुमची मशीन हाय."

मित्रांनो, मग मी काय चाललो! इतक्या वर्षांचा कोंडलेला श्वास मी एकदम सोडला. सातही खोल्यांत एकाच वेळी वारा उतरला. देवघरात समई थरथरली, पण विझली नाही, कारण वारा आता सगळीकडं वाटून जात होता. आणि हॉलमध्ये एक बारीक आवाज सुरू झाला, वाळल्या पानांवरून मुंग्यांची वरात चालावी तसा. हजारो अळ्या पाला खात होत्या. साधनानं मान वर करून छताकडं पाहिलं. मी छतातून तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल, आपण जाळी बघतोय.

इतक्यात राधेश्याम भंगारवाला टेम्पो घेऊन आला. तो मला न्यायला हॉलमध्ये शिरला आणि तिथंच बसला. पाणी प्यायला, चहा प्यायला, दुसरा चहा प्यायला, पण उठायचं नाव घेईना. चतुराबाई तोवर साखर मागायला आल्या होत्याच. शेवटी पुंजारामांनी त्याला गच्चीवर नेलं आणि वाकडीतिकडी पेटी दाखवली. ज्या टेम्पोतून मी जाणार होतो, त्यात ती गेली. लाल अक्षरांतलं नाव दोन तुकड्यांत गावाबाहेर जाताना पुंजाराम दारातून बघत राहिले आणि हळूच हसले.

अळ्यांनी कोष विणले. पांढरेशुभ्र, टपोरे. साधना ते जालन्याच्या कोष बाजारात घेऊन गेली, तिथं लोक तिच्या कोषांना हात लावायला रांगेत उभे राहिले, असं रामप्रसाद सांगतो. तोही माझ्यासारखाच थोडा वाढवून सांगतो. पण पहिला कोष द्वारकाबाईंनी माझ्या बटणापाशी दोऱ्यानं टांगला आहे, तो खरा.

आता पुंजाराम दर महिन्याला स्वतः माझा फिल्टर धुतात आणि निजामोद्दीन मिस्त्री उन्हाळ्याआधी जिना चढून येतात, चहा पितात आणि माझी आणि पुंजारामांची, दोघांचीही तारीफ करतात. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला कुलपात ठेवू नका. त्याच्या नाकासमोरच्या गाद्या उचला, धूळ झटका आणि त्याला श्वास घेऊ द्या. तो सात खोल्या गार करील.

आणि यातलं काही खोटं वाटत असेल तर हसनाबादला या. येताना स्वेटर मात्र घेऊन या.