भट्टीतली तिसरी रांग

साहेब, आमची भट्टी तुम्ही विझवताय. कागदावरून वहिनीचं नाव खोडलंत, तेव्हाच विझवायला घेतलीत.

तुमची कंपनी कुलपं बनवते. कुलपातला दांडा मी देतो, स्प्रिंग माझी वहिनी देत होती. भाऊ गेल्यापासून ती एकटीच शेड चालवते. दोघांचा माल तापवून कडक करतात ते कोपऱ्यावरचे भट्टीवाले काका. दोन रांगा दांड्यांच्या, तिसरी स्प्रिंगांची. तिन्ही भरल्या तरच भट्टी पेटते. जागा रिकामी ठेवून पेटवली तर आच सारखी बसत नाही, दांडे वाकतात. हे बघायला तुमच्याकडचं कुत्रंही कधी फिरकलं नाही. 'पुरवठादार कमी करा' असा वरून हुकूम आला आणि तुम्ही सगळ्यात लहान नावावर रेघ मारलीत. आता स्प्रिंगा कुठल्याशा मोठ्या कारखान्यातून कडक होऊनच येतात.

पहिल्याच सोमवारी तिसरी रांग रिकामी. काकांनी भट्टीचं दार उघडंच ठेवलं.

"उपाशीपोटी ही भट्टीबाई काम करत नाही," ते म्हणाले.

"मग माझ्या मालाचं काय?"

"मला काय विचारतोस? तुझ्या साहेबाला विचार."

तेवढ्यात वहिनी हातगाडी ढकलत आली. गाडीत तिच्याकडच्या नापास स्प्रिंगा, कित्येक वर्षांच्या, गंजलेल्या.

"घ्या भावजी, भरा रांग."

"अहो वहिनी, त्यांनी तुम्हाला काढलं. त्यांच्याच मालासाठी घाम गाळताय?"

"त्यांच्यासाठी कोण मरतंय! तुमचे दांडे अडले की काका बसले घरी. उद्या मला दुसरं काम मिळालं तर स्प्रिंगा काय तव्यावर भाजू?"

काका खुदकन हसले. भट्टी पेटली.

तीन आठवडे तुमचे दांडे वेळेवर आले ते त्या भंगाराच्या जिवावर. वर तुमचं शाबासकीचं पत्र: बदल सुरळीत पार पडला म्हणे. मी ते वहिनीला वाचून दाखवलं. "फ्रेम करून लावा," म्हणाली आणि गाडी उतरवायला लागली.

पण भंगार तापवायलाही गॅस जळतोच, आणि त्या रांगेचे पैसे काकांना कुणी देत नाही. काल काका हात पुसत म्हणाले, "शनिवारपर्यंत ओढतो. पुढे नाही झेपणार रे." भट्टी गेली की वहिनीची शेड गेली, माझे दांडे गेले. मग तुमच्या गोदामात नुसत्या स्प्रिंगा, नव्याकोऱ्या. त्यांच्या जोरावर दारं बंद करून दाखवा.

शनिवारच्या आत सांगा, तेही लेखी: तिसरी रांग वहिनीला परत देताय की नाही?