रायेतला कौल

पांडुरंग गावकर उशिरा आला, धोतराला हात पुसत. "फणस फोडी होतंय," म्हणाला आणि तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याने देवाच्या दगडावर दाबून लावल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

होकार म्हणजे खाणीच्या ट्रकांना थेट रायेतून रस्ता. देवाच्या या राखलेल्या रानातली झर सत्यवतीच्या सुपारीच्या कुळागरातून पुढे सगळ्या गावाच्या शेतांत जायची. राय गेली की झर गेली, आणि मग कसलं गाव न कसलं काय! त्यातून कौल लावणारा हा तिचा दीर. त्याचा मुलगा खाणीवर ट्रक चालवत होता, आणि कालच खाणीचा माणूस रुद्रेश त्याच्या ओट्यावर चहा पिऊन गेला होता. मेल्याने देवालाही फितवलं असेल, तिच्या मनात आलं.

गोवा नुकताच घटक राज्य झालेला. कोकणी की मराठी यावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं आज रायेत शेजारी शेजारी अनवाणी उभी होती. बाहेर जमीन तापून फुटत होती, आणि इथे पायाखालचा पाचोळा ओला होता. दोघांच्या कवेत न मावणारी सातवीण, तिच्या अंगावर चढलेले वेल, वर कुठेतरी पंखांचा मोठा आवाज करीत गेलेला धनेश. किती सुंदर होतं ते सगळं! सत्यवतीला रडूच आलं.

दुपार कलली. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"गावकर, देव निजलो काय?" रुद्रेशने हातातल्या वर्तमानपत्राने दगडाला वारा घातला.

"अरे, देवाक वारो घालतस?" सगळे एकदम ओरडले. रुद्रेश चार पावलं मागे सरला.

सूर्य बुडाला. पांडुरंगाने हात जोडले.

"देव बोलूंक नाय. रीत तुका ठाऊक आसा. आता फुडल्या वर्षी, ह्याच दिवशी विचारूचा."

"साहेब वर्षभर थांबचे नाहीत!"

"मगे त्या बोडक्या डोंगरावरसून काडा रस्तो. थय कोणाक विचारूक नको."

रुद्रेश तणतणत निघून गेला आणि रायेत एकच गलका उठला. कोणी घंटा बडवली, बायका हसत रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

सत्यवती दिवा लावायला पुढे झाली. पाकळ्या अजून तशाच होत्या. शेजारी पांडुरंग बोटांवर बोटं घासत उभा होता. बोटं एकमेकांना चिकटत होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दिव्यासाठी आणलेलं खोबरेल त्याच्या तळहातावर ओतलं.

"फणस गोड निघालो, भावजीनू?"

"चीकच चीक, वयनी," खाली मान घालून तो म्हणाला.

"फुडल्या वर्षी माझ्याकडचो न्हेया," ती म्हणाली आणि तिने दिवा लावला.