चिंचेपासून दोन चौक

एर्मेलिंदा बाई सकाळी बाजारामागच्या मोकळ्या जागेवर पोचल्या, तेव्हा तिथे एक शेळी चरत होती. खुंट्या नाहीत, दोऱ्या नाहीत, माणूस नाही. आज तर शहराच्या नव्या ग्रंथालयाची आखणी व्हायची होती!

याच जागेसाठी बाईंनी निवृत्तीनंतर दोन वर्षं नगरसभेचे उंबरे झिजवले होते. आयांबरोबर बाजारात बसणारी पोरं चार पावलांत पुस्तकांपाशी यावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. ठराव फक्त एका मताच्या फरकाने मंजूर झाला. त्यातला पत्ताही बाईंनीच सांगितला, निकाराग्वात सगळे सांगतात तसा: ‘जिथे मोठी चिंच होती, तिथून तळ्याच्या दिशेने दोन चौक.’

ठोकाठोक ऐकू येत होती ती महामार्गापलीकडून. ट्रकमागून ट्रक जात होते. बाई जीव मुठीत धरून पलीकडे गेल्या. बर्फाच्या कारखान्याशेजारी, राजधानी मानाग्वाहून आलेला मोजणीदार विल्मर खुंट्या ठोकून घेत होता.

“अरे, हे काय मांडलंयस? जागा बाजारामागे आहे!”

विल्मरने ठराव पुढे केला. “चिंच कुठे होती ते चार जणांना विचारलं, बाई. चौघांनी एकच कोपरा दाखवला.”

“चौघांनाही काही ठाऊक नाही! चिंच चर्चच्या अंगणात होती, तिथून दोन चौक म्हणजे बाजारामागेच. तिच्या खोडावर बसवून मी पोरांना अक्षरं शिकवलीत.”

त्याला जवळजवळ ओढतच त्या बाजारात चेपिताकडे घेऊन आल्या. ऐंशीची चेपिता केळीच्या पानावर उकडलेला कंद वाढत होती.

“चेपिता, सांग याला. चिंच कुठे होती?”

“बर्फाच्या कारखान्यापासून तळ्याच्या उलट दिशेला, दोन चौक. आणखी कुठे?”

“मग चर्चच्या अंगणात काय होतं?”

“खोड, बाई. भूकंपात झाड पडलं, तेव्हा पाद्रीबाबांनी बैल लावून ओढून आणलं, बाकाऐवजी. तुम्ही शहरात आलात ते त्याच्या पुढल्या वर्षी.” चेपिता हसली. “आमच्या पोरांना नकाशे शिकवलेत, आणि हे माहीत नाही?”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. पन्नास वर्षं त्या चिंचेवरून पत्ते ऐकत आल्या होत्या. सगळी घरं तोंडपाठ, म्हणून त्या पत्त्यांतले चौक कधी मोजलेच नव्हते.

विल्मर चाचरत म्हणाला, “ठरावाप्रमाणे माझी जागा बरोबर आहे. बदलायची तर पुन्हा मतदान.”

“मग नगरसभेतला आबेलार्दो उलटलाच समजा,” चेपिता म्हणाली. “त्याच्या भावाचं हॉटेल आहे महामार्गावर, त्याला ग्रंथालय तिकडेच हवं असणार. गप्प बसा, बाई. पलीकडे का होईना, ग्रंथालय तर होतंय ना?”

बाईंनी महामार्गाकडे पाहिलं. ट्रकमागून ट्रक अजून जातच होते. सात वर्षांचं पोर कसं जाणार तिकडे?

“मतदानाचा अर्ज लिही,” त्या विल्मरला म्हणाल्या.

“कारण काय लिहू?”

“पत्ता एर्मेलिंदा उर्रोसने चुकीचा दिला.”

“सभेत मोठ्याने वाचतील, बाई.”

“वाचू देत. चुकलं तर उभं राहून सांगा, असं पोरांना मीच बजावायचे.”

त्यांनी सही केली. आपण ते झाड उभं कधी पाहिलंच नव्हतं, हे अजून त्यांना खरं वाटत नव्हतं.