पंपाच्या खोलीची पायरी

ताईने धाकटीने पाणथळीचा काठ काढून दिलेला पारदर्शक कागद आपल्या रस्त्याच्या नकाशावर पसरला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि मोजपट्टी टेकवली. दोनशे तीस मीटर! पाणथळीच्या काठापासून रस्ता दोनशे मीटर लांब हवा, एवढाच नियम होता. म्हणजे सुटला एकदाचा. पाणथळीपायी तीनदा परत आलेला, डोंगरापलीकडच्या दहा गावांना दवाखान्याजवळ आणणारा तिचा सरळसोट रस्ता तीनच्या बैठकीत पास होणार होता.

खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, पण कोपऱ्यातली धाकट्या बहिणीची सही दिसली आणि ताईच्या कपाळावर आठी चढली. या सहीचं घरात केवढं कौतुक! धाकटी पाणथळीतले पक्षी मोजते, धाकटीचा फोटो पेपरात येतो, बाबा ते कात्रण आल्यागेल्याला पाणी विचारण्याआधी दाखवतात. ती माणसं घरी येतात ती ताईने आखलेल्या रस्त्यावरूनच, पण रस्त्याला कोण विचारतंय? ताईच्या पोटात दुखायचं. लहानपणापासून दुखायचं, आणि ते ती स्वतःपासून लपवत नसे.

मग तिची नजर काठाच्या रेषेवर अडली. रेषा पाण्याकाठच्या पंपाच्या जुन्या खोलीपर्यंत पोचतच नव्हती, बरीच आधी पाण्याकडेच थांबली होती. ताईने खणातून मोजणीची वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली तिचीच नोंद होती: पंपाच्या खोलीची पायरी पाण्याखाली. धाकटीने भर उन्हाळ्यातला काठ काढला होता! पावसाळ्यातला धरला तर दोनशे मीटर भरतच नव्हते.

"सापडली!" ताई एकटीच बोलली. आता नुसतं गप्प बसायचं. रस्ता पास होईल, पावसाळ्यात पाणी पायरीवर चढेल आणि ही लाडकी सही सगळ्या गावापुढे तोंडावर आपटेल. तिला चक्क हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. त्या पावसाळ्यात त्याच पायरीच्या थोडं पुढे ताई चिखलात रुतली होती. पाय निघाला, बूट आतच राहिला. पाय ओढून काढणारी, हसून हसून बेजार झालेली, ती धाकटीच होती.

बैठकीसाठी आलेली धाकटी बाहेरच्या बाकावर बसली होती. ताईने तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हा काठ कधीचा?"

"उन्हाळ्यातला. लिहिलंय ना खाली."

"आणि पायरीवर पाणी होतं तेव्हा माझा पाय कुणी ओढला?"

धाकटी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"तीनदा परत आला गं तुझा रस्ता. बाबा परवा म्हणाले, थोरलीच्या हाताला यशच नाही. मला ऐकवेना. गावांनाही रस्ता हवाच आहे की. थोडं काठचं गवत गेलं तर..."

"थोडं? घरटी कुठे असतात तुझ्या पक्ष्यांची?"

"त्याच गवतात," धाकटी खाली मान घालून म्हणाली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हेवा परवडला, पण ही कीव? पक्ष्यांसाठी जगाशी भांडणारी ही पोरगी तिच्यासाठी पक्षी सोडून द्यायला निघाली होती! तिने कपाटातल्या सगळ्या गुंडाळ्यांच्या तळाशी हात घातला.

तिथून निघालेल्या नकाशात रस्ता पाणथळीला मोठा वळसा घालून जात होता. चार किलोमीटर जास्त, पण दहाही गावं त्यावर होती.

"हा कधी काढलास?"

"पहिल्यांदा परत आला तेव्हाच."

"मग दिला का नाहीस, ताई?"

"तू जिंकली असतीस."

ताईने धाकटीपुढे पेन ठेवलं.

"काठ नीट काढ. पावसाळ्यातला."

"सगळे म्हणतील, मीच पुन्हा तुझा रस्ता हलवला. बाबासुद्धा."

"म्हणू देत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबतील, त्या मी सोशीन."

धाकटीने रेषा ओढायला घेतली. पायरीपाशी तिचा हात थबकला.

"अजून पुढे," ताई म्हणाली. "माझा बूट राहिलाय तिथे."