आत्या तापानं गेली नव्हती

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. अकोल्यातल्या जिनांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते आणि वस्तीतल्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या माठांवर, पोरांच्या केसांत कापसाची तुसं बसू लागली होती. डोमाजी पहिल्या पाळीला निघायच्या घाईत होता. वीस वर्षं तो सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस घालत आला होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव त्यानं टोपल्यात भरून मोर्णा नदीत सोडले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी विहारातल्या वर्गात बसून अक्षरं गिरवली.

वस्तीत त्याला मान होता तो आणखी एका कामासाठी. कुणाची सोयरीक जमायची असली की घर पाहायला डोमाजीला न्यायचे. डोमाजी हो म्हणाला की घर चांगलं. चार वर्षांपूर्वी एका मुलाच्या मावशीला कोड आहे, एवढंच तो ओट्यावर बोलला होता, आणि ठरलेलं लग्न तिथंच मोडलं होतं. त्या मुलाचं पुढं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आता मात्र त्याच्याच घरी सोयरीक होती. धाकटी इंदू मास्तरणीचं शिक्षण घेत होती. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं होतं. त्यासाठी थोरली शालू भातकुलीहून दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती.

“नवरा तार हापिसात आहे म्हन्ते,” बांबूच्या तट्ट्याच्या न्हाणीतून शालू ओरडली. “घरी आल्यावर बी तुह्यासंग कट्टकडकट्टच बोलन काय वं?”

“बोलू दे,” चुलीपासून इंदू म्हणाली. “तुह्या नवऱ्यावानी दिवसभर बैलाशी तर नाई बोलन.”

“आता गं माय! पोट्टीले तोंड फुटलं!”

भागीरथा हसत हसत लेकीची पाठ घासायला न्हाणीत गेली. लग्न झालेल्या लेकीला माहेरी आल्यावर पहिल्या दिवशी आईनं न्हाऊ घालायचं, ही त्या घरची रीत होती. पाठ घासून झाली. काखेखाली हात गेला आणि तिथंच थांबला.

“हे कधीपासून आहे?”

“काय? हे होय? असन चार-पाच महिने. पोट्ट्याचं दूध तोडलं तवापासून. दुखत तर नाई.”

दुखत नाही, हे ऐकून भागीरथानं हात मागं घेतला. तिच्या सासूनंही असंच सांगितलं होतं. नणंद सुंदराबाईनंही.

वीस वर्षांपूर्वी सासू गेली तेव्हा भागीरथा कोवळी सून होती. सुंदराबाई एकोणपन्नास साली गेली. आजार वाढल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. दोन्ही वेळेला तट्टा लावून भागीरथानं एकटीनं शेवटची आंघोळ घातली होती. बाहेरच्या बायांना आत येऊ दिलं नव्हतं. छातीवरची गाठ फुटून झालेली जखम कुणी पाहू नये, म्हणून. आणि बाहेर डोमाजीनं लोकांना सांगितलं होतं, “तापानं गेली.” पुढं पोरींची लग्नं व्हायची होती. कुणाचं वाईट करावं म्हणून ते खोटं बोलले नव्हते. वाईट करणारी माणसं असं खोटं फार वेळा बोलतही नाहीत. लेकरांच्या भल्यासाठी बोलणारेच ते जन्मभर सांभाळतात.

त्या संध्याकाळी भागीरथानं नवऱ्याला सांगितलं.

“तुह्या माहेरात कोनाले झालं काय असं?”

“नाई.”

“मंग कायले भेतं? पोरीले मायच्या कुशीतून येते जे यायचं ते. तुही कूस साफ आहे. माह्या मायचं सुंदरीत उतरलं. माह्यात कसं उतरन? मी तर मानूस आहे, बाई नाई. हे दुधाची गाठ असन.”

हा त्याचा स्वतःला समजावण्याचा बहाणा नव्हता. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि त्याच विश्वासावर तो वीस वर्षं सुखानं झोपत आला होता.

“तरी दवाखान्यात दाखवा,” भागीरथा म्हणाली. “एवढं आयका माह्यं.”

दवाखान्यात गर्दी होती. इंदूच्या होणाऱ्या नवऱ्याचा मामा खुशालराव तिथं वॉर्डात कामाला होता. पाहुण्यांना बघून त्याला आनंद झाला. “डोमाजीभाऊ, तुमी लायनीत कायले उभे राह्यता? आपलंच घर आहे हे,” म्हणत त्यानं त्यांना सरळ आत नेलं आणि शालूचा कागद हातात धरून तो टेबलाशी उभा राहिला.

डॉक्टर कुंदाबाईंनी पडद्याआड शालूला तपासलं. बाहेर येऊन हात धुता धुता त्यांनी विचारलं, “घरात कुणाला असं झालं होतं का? आजी, आत्या, मावशी?”

शालूनं बापाकडं पाहिलं. तिला जे सांगण्यात आलं होतं तेवढंच ठाऊक होतं.

डोमाजीनं खुशालरावाकडं पाहिलं. खुशालराव कागदावर काहीतरी वाचत होता. वाचत नसावाही. कोड आहे म्हणून मोडलेलं ते लग्न डोमाजीच्या डोळ्यांपुढं आलं. आठ दिवसांवर साक्षगंध.

“नाई बाई. कोनालेच नाई.”

“आजी कशानं गेली?”

“तापानं.”

“आणि आत्या?”

“ते बी तापानंच.”

भागीरथा दाराशी बसली होती. तिनं पदर तोंडात धरला.

“वय लहान आहे, नुकतंच दूध तोडलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दुधाची गाठ असू शकते. औषध देते. पण महिन्याभरात गेली नाही तर परत यायचं. विसरायचं नाही.”

साक्षगंध थाटात झालं. शालू भातकुलीला गेली. तिथं कापूस वेचणीला आला होता, मग हरभरा, मग गहू. गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी ऐन हंगामात अकोल्याला जाते म्हणणाऱ्या सुनेला कुठल्या घरात बरं म्हणतात? सासूनं एरंडाची पानं गरम करून बांधली. घरात असं काही झालेलं नाही, हे तर दवाखान्यातसुद्धा सांगून झालं होतं. मग शालूनं तरी कशाला घाबरावं?

ती परत आली ती चैत्रात. तिचा नवरा जानराव तिला घेऊन आला. गाठ आता लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

डॉक्टरबाईंनी तपासलं. जुना कागद काढून त्यांनी तो दोनदा वाचला.

“बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं. इथं लिहिलंय, घरात कुणालाही नाही.”

“बाई,” डोमाजी म्हणाला, आणि त्यानं भागीरथाकडं पाहिलं.

भागीरथाच उठली. “माह्या सासूले होतं. नंदेले होतं. दोघीईले मीनंच आंघोळ घातली. मी त्या दिवशी इथंच बसून होती, बाई. मी बी बोलली नाई.”

शालू पडद्याआडून पोलक्याची गुंडी लावत बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं.

“हे त्या दिवशी कळलं असतं तर मी महिना थांबलेच नसते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सोसवत नव्हता. “त्याच दिवशी नागपूरला पाठवलं असतं. हा रोग कशानं होतो ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण काही घराण्यांत तो रक्तातून पुढं चालत येतो. प्रत्येकीला होतोच असं नाही. पण ज्या घरात तो आहे, त्या घरातल्या मुलीची मुगाएवढी गाठही आम्ही सोडत नाही.”

“पन तिच्या मायकडं तर कोनालेच नाई,” डोमाजी कसाबसा बोलला.

“तो आईकडूनच येतो असं कुणी सांगितलं? बापाकडूनही येतो. बापाला काही होत नाही. तो धडधाकट राहतो आणि मुलीला देऊन जातो.”

डोमाजी स्वतःच्या हातांकडं बघत राहिला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. इंदूचं लग्न वैशाखातून पुढं ढकललं. श्रावणापर्यंत शालूच्या पाठीच्या कण्यात दुखू लागलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. सासरी परत न पाठवता भागीरथानं तिला अकोल्यालाच ठेवलं.

एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. डोमाजी तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होता.

“बाबा, तुमी देव नदीत सोडले तवा मी किती हासली होती, आठवते?”

“आठवते.”

“लोकाईले सांगत होते, भेऊ नका, खरं ते बोला.” तिनं पेज गिळली. “अन् माह्याच येळेले काहून भेले?”

“इंदीचं मोडन म्हनून...”

“इंदीचं मोडन म्हनून मले मोडलं.” हे ती रागानं बोलली नाही. नुसतं हिशेब समजल्यासारखं बोलली. “आता तिले तरी सांगा. ताराले सांगा. तिची माय कशानं गेली ते तिले कुठी मायत आहे?”

तारा म्हणजे सुंदराबाईची मुलगी. मोझरीला दिली होती.

“सांगीन,” डोमाजी म्हणाला.

भाद्रपदात शालू गेली. न्हाणीला तट्टा लागला. लग्न न झालेल्या मुलीनं आत यायचं नाही, असं भागीरथा म्हणाली, पण इंदू ऐकेना. “मले पाहू दे, माय. माह्यं अंग आहे ते,” असं म्हणून ती आत शिरली.

अंगणात वस्ती जमली होती. खुशालरावही आला होता. शेजारचे नत्थुजी डोमाजीजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “काय झालतं पोरीले, डोमाजी?”

“ताप...” डोमाजी म्हणाला.

त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. वीस वर्षं वापरलेला शब्द आपला आपणच तोंडातून आला.

तट्टा सरकला. इंदू ओल्या हातांनी बाहेर उभी होती.

“ताप नाई नत्थुकाका. छातीत गाठ होती. माह्या आजीले तेच झालतं, आत्याले तेच. मले होते का नाई, कोनाले मायत नाई. जे ऐकायचं ते आताच ऐकून घ्या.”

खुशालरावानं मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी तो आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला.

“डोमाजीभाऊ, त्या दिवशी मी तिथं उभा होतो म्हनून तुमी खोटं बोल्ले?”

“हो.”

“लयदा इचार केला मी. म्हटलं, मी नसतो तर पोरगी जगली असती काय?” त्यानं डोकं हलवलं. “अन् खरं सांगू? तुमी खरं बोल्ले असते तर मी सोयरीक मोडलीच असती. आज बी मोडूनच राहिलो. माही बहीन, पोराची माय, आता नाई म्हन्ते. मी बी तिले काही म्हनत नाई. मोठा चांगला मानूस नाई मी.”

“मी बी मोडल्या आहेत,” डोमाजी म्हणाला.

इंदू आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती कुंदाबाईंच्या दवाखान्यात गेली आणि रांगेत उभी राहिली. तिला काही नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. ती पुन्हा गेली, आणि नंतरही जात राहिली. शाळेत नोकरी लागल्यावर रजेच्या अर्जात ती कारण स्पष्ट लिहीत असे.

शालूचं पुण्यानुमोदन, मृत्यूनंतरचा विधी, झालं आणि डोमाजी एकटाच मोझरीला गेला. तारा अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. एकतिशीची बाई, तीन मुलींची आई. मामाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

“मामा! निरोप नाई, काही नाई. बसा.”

तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. आईचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं, शालूचं सांगितलं, दवाखान्यात आपण काय बोललो तेही सांगितलं. तू दवाखान्यात जाऊन तपासून घे, मुली मोठ्या झाल्या की त्यांनाही ने, असं म्हणाला. तारा आता शिव्या देईल, रडेल, जा म्हणेल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“मामा,” तिनं विचारलं, “माह्या मायले लय दुखलं काय?”

तेरा वर्षांपूर्वी, अठरा वर्षांच्या ताराला, ती झोपेतच गेली असं त्यानंच सांगितलं होतं.

“लय दुखलं, बाई. दोन महिने. रात्रंदिवस.”

“मी दारातून आवाज देत होती. ताप आहे, लागन म्हनून तुमी मले आत जाऊ देलं नाई.”

“नाई जाऊ देलं.”

“ते मले हाका मारे काय?”

डोमाजी जमिनीवर बसला आणि त्यानं होकाराची मान डोलावली.

तारा उठून मागं विहिरीकडं गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं आणि तिची थोरली, अकरा वर्षांची मुलगी सोबत होती. तिनं मुलीला डोमाजीच्या समोर बसवलं, स्वतः तिच्या मागं बसली.

“हे लहान आहे अजून,” डोमाजी म्हणाला. “हिच्यासमोर कसं बोलू?”

“मी बी लहानच होती, मामा. म्हनूनच नाई सांगतलं ना तुमी?” तारा म्हणाली. “आता सांगा. तुमच्या मायपासून सांगा. काही ठेवू नका.”

मुलगी त्याच्याकडं बघत होती. डोमाजीनं तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.