पाच नंबरचा लॉरी

महेजबीननं व्हिडिओ चौथ्यांदा मागं घेतला. पडद्यावर पाऊस कोसळत होता, कॅमेऱ्याच्या काचेवरून थेंब ओघळत होते आणि त्या थेंबांच्या आड एक उंच माणूस उडी मारून डोक्यानं बॉल परतवत होता. त्याच्या पाठीवरचा आकडा चिखलानं माखला होता. तो पाच की सहा, हे ठरवल्याशिवाय तिला पुढं जाता येत नव्हतं.

“सहा टाका मॅडम,” शेजारच्या खुर्चीवरून साईराज म्हणाला. “ही मॅच कोण बघतंय?”

तिनं टाकलं नाही. व्हिडिओ पुढं पळवत, त्या माणसाच्या चड्डीवरचा बारका आकडा दिसेपर्यंत ती थांबली. पाच होता. मग मागं येऊन तिनं पाच टाकला.

ऑफिस सांगलीच्या विश्रामबागेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर होतं. देशोदेशीच्या फुटबॉल मॅचेसचे व्हिडिओ पुण्याच्या एका कंपनीकडून इथं येत. बॉल कोणी कोणाला दिला, मैदानाच्या कुठल्या भागातून दिला, पोचला की मधेच कोणी घेतला, हे बघून बटणं दाबत जायचं. एका मॅचच्या दीड-दोन हजार नोंदी. त्या पुढं कोणाच्या उपयोगी पडतात, हे इथल्या कोणालाच नीट माहीत नव्हतं.

महेजबीन मुलाणी त्रेचाळीस वर्षांची. याआधी सतरा वर्षं ती सांगलीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होती. साईराज तिथलाच तिचा विद्यार्थी. एका सोमवारी ती कामावर गेली, तर बोर्ड उतरवलेला आणि दाराला कुलूप. पुढं काही महिने ती घरीच होती. मग साईराजनंच तिला इथलं सांगितलं. मॅनेजर उदयसिंह यांनी तिची बोटं पाहिली, कीबोर्डकडं न बघता चालणारी, आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणून की काय, कोणाला नको असलेली लीग तिच्या वाट्याला आली. स्कॉटलंडमधली, अगदी तळाच्या श्रेणीतली. दहा क्लब, एकच कॅमेरा, तोही लांब उंचावर बसवलेला, आणि कुंपणाला टेकून छत्र्या धरलेली दोन-अडीचशे माणसं.

पहिला महिना तिनं नुसते आकडे ओळखण्यात घालवला. हेडफोनमध्ये एक म्हातारा आवाज बोलत असे. बालक्रेग रोव्हर्स नावाच्या क्लबचा कोणी जुना माणूस होता, स्वतःहून कॉमेंट्री करायचा. त्याचं इंग्रजी तिला इंग्रजी वाटतच नव्हतं. कामाला त्याची गरज नव्हती, बाकीचे सगळे आवाज बंद करून गाणी लावत. तिनं मात्र तो चालू ठेवला. सप्टेंबरात कधीतरी त्यातला एक शब्द सुटा झाला, मग दुसरा, आणि एके दिवशी अख्खं वाक्य तिच्या कानात उतरलं. पाच नंबरचा आयन लॉरी आज कोणाच्या तरी घरचा बॉयलर दुरुस्त करून थेट मैदानावर आला आहे, असं म्हातारा सांगत होता.

तिनं व्हिडिओ थांबवला. खेळाडू म्हणजे दिवसभर खेळणारा माणूस, अशी तिची समजूत होती. मग ती कान देऊन ऐकू लागली. गोलकीपर शाळेत शिकवत होता. अकरा नंबर पोस्टात होता. मंगळवारी आणि गुरुवारी कामं उरकून संध्याकाळी सगळे दिव्याखाली सराव करत आणि शनिवारी खेळत. तिनं उदयसिंहांना विचारलं, तर ते म्हणाले, “सेमी-प्रोफेशनल म्हणतात त्याला, मॅडम. अर्धं पोट खेळावर, अर्धं दुसऱ्या कामावर.”

त्यानंतर तिला नाना प्रश्न पडायला लागले. घरात बॉयलर कशाला लागतो, तो कसा दिसतो, हे तिनं मोबाइलवर शोधलं. थंडीत घर आणि पाणी तापवणारी, भिंतीवर टांगलेली पेटी निघाली. नकाशात बालक्रेग शोधलं. समुद्राच्या अगदी काठाला, वाऱ्याच्या तोंडावर निघालं. गोलकीपरनं मारलेला बॉल हवेत थांबून त्याच्याच दिशेनं का परत येतो, हे तिला तेव्हा उमगलं. पण दर वेळी हरणाऱ्या टीमसाठी तीच अडीचशे माणसं असल्या पावसात का येतात, हे मात्र मोबाइलवर सापडलं नाही. सोमवारी व्हिडिओ वाटले जात, तेव्हा ती बालक्रेगचा मागून घेऊ लागली. कोणाची हरकत असण्याचं कारणच नव्हतं.

घरी तिचे वडील होते, रसूलभाई. कुंडलला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तालमीतल्या पैलवानांचे लंगोट आणि जांघिये त्यांनी चाळीस वर्षं शिवले. आता गुडघे गेल्यामुळं ते लेकीपाशी सांगलीत राहत होते, आणि दिवसभरात बोलायला कोणी नसल्यानं संध्याकाळची वाट बघत. लॉरी हे माणसाचं आडनाव असतं, याची त्यांना मोठी गंमत वाटली होती. ती चहा टाकेपर्यंत त्यांचा प्रश्न येई, आज काय केलं तुज्या लॉरीनं? ती सांगे, आणि ते तिच्या ध्यानीमनी नसलेलं काहीतरी विचारत. उडी मारताना त्यो कुठल्या पायावर जोर देतोय? वळायच्या आदी खांदा उचलतोय का? तिला सांगता येत नसे. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम बघे. लॉरी डाव्या पायावरून उडत होता आणि उतरताना उजवा जरा जपून टेकवत होता. पळताना त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली असे.

“तोंडावरनं समदेच वळकत्यात,” रसूलभाई म्हणाले. “मी पाठीवरनं गडी वळकायचो. माप घ्यायचं म्हंजे पाठच दिसती की.”

डिसेंबरपर्यंत तिला आकड्यांची गरज उरली नाही. लांबच्या कॅमेऱ्यात एकाचाही चेहरा कधी दिसला नव्हता, पण अकराच्या अकरा जण पळण्यावरून, थांबण्यावरून, कमरेवर हात ठेवण्यावरून तिला कळत. नऊ नंबर पायातला बॉल गेला की नेहमी आकाशाकडं बघायचा. सहा नंबर लॉरीइतकाच उंच, पण तरुण, त्याची पावलं हलकी पडत.

लीगमध्ये बालक्रेगचं काही खरं नव्हतं. कपमध्ये, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब एकत्र खेळतात त्या स्पर्धेत, मात्र त्यांनी लागोपाठ दोन मॅचेस जिंकल्या, आणि चौथ्या फेरीत पहिल्या श्रेणीतला एक बडा क्लब त्यांच्याच मैदानावर खेळायला येणार असं ठरलं. जानेवारीतला शनिवार, तिथली भर दुपार, आपल्याकडचे पावणेसहा. टीव्हीवर दाखवणार होते. त्यामुळं ऑफिसात प्रथमच बालक्रेगचं नाव निघालं, आणि काम लाइव्ह करायचं होतं, म्हणजे खेळ चालू असतानाच एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं बटणं दाबायची.

महेजबीन उठून उदयसिंहांच्या टेबलापाशी गेली. इथं आल्यापासून तिनं काही मागितलं नव्हतं. ही मॅच मला द्या, म्हणाली. उदयसिंह माणूस चांगले होते, त्यांनी तिला बसायला सांगितलं.

“लाइव्हला मागं घेता येत नाही, मॅडम. चुकलं की चुकलं. तुम्ही चार-चारदा बघून टाकता, म्हणून तुमचं काम चोख असतंय. पण हे वेगळं आहे.”

त्यात खोटं काही नव्हतं. ती बरं म्हणून परत आली. साईराज बोलणार आणि जयराज नावाचा दुसरा पोरगा बटणं दाबणार, असं ठरलं. शनिवारी पाचला तिचं काम संपलं, पण ती घरी गेली नाही. खुर्ची ओढून त्या दोघांच्या मागं बसली.

मॅच सुरू झाली आणि पाचच मिनिटांत बर्फ पडायला लागला. बॉल नारिंगी आणला होता, तेवढाच दिसत होता. बालक्रेगचे शर्ट फिकट निळे, आकडे पांढरे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर बर्फ चिकटलेला. साईराज बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. विसाव्या मिनिटाला पुण्याहून मेसेज आला की पाच आणि सहाची सारखी अदलाबदल होतेय. थोड्या वेळानं आणखी एक आला. उदयसिंह मागं येऊन उभे राहिले. त्यांनी महेजबीनकडं पाहिलं.

साईराजनंच हेडफोन काढला. “मॅडम, तुम्हीच बोला,” म्हणाला, आणि खुर्चीवरून उठला.

ती बसली. सहा. परत सहा. अकरा. लॉरी. कीपर. नऊ, गेला. तिचा आवाज इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना उतारा सांगताना असायचा तसाच लागला होता, संथ आणि एका पट्टीतला. जयराजची बोटं तिच्या मागोमाग चालत होती. पुण्याचे मेसेज बंद झाले. तीस मिनिटं होऊन गेली होती आणि त्या बड्या क्लबला अजून गोल करता आला नव्हता. पुढं दोन्ही बाजूंनी एकेक झाला. बालक्रेगचा गोल झाला तेव्हा मैदानावरची माणसं दिसेनात, नुसते हात दिसत होते.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्या क्लबच्या एकानं लांबून फटका मारला. गोलसमोर बालक्रेगची दोन उंच माणसं उड्या मारून एकमेकांवर आदळली, बॉल कोणाला तरी लागला, वळला आणि जाळीत गेला. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, सहा नंबर, बिचारा, सेल्फ गोल. पडद्याखाली सहा नंबरचं नावही आलं. जयराजचं बोट सहावर गेलं होतं.

“सहा ना, मॅडम?”

महेजबीन पडद्याकडं बघत राहिली. दोन सेकंद गेले असतील. उदयसिंह पुढं वाकले. फटका मारणाऱ्याच्याच नावावर गोल टाकला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, बॉल बाहेर चालला होता.

“सेल्फ गोल,” ती म्हणाली. “पाच.”

“नक्की?”

“नक्की. लॉरीच्या पाठीला लागला.”

जयराजनं पाच दाबला. मग वेगवेगळ्या बाजूंनी तो गोल पुन्हा पुन्हा दाखवला गेला, त्यातही पडत्या बर्फात लॉरीची पाठच दिसत होती, आणि टीव्हीवरच्या माणसानं चूक कबूल करून नाव बदललं. तोवर खेळ पुढं गेला होता आणि ती पुढचे आकडे सांगत होती. बालक्रेग दोन-एकनं हरलं.

घरी आल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. ते गुडघ्यावरून हात फिरवत ऐकत होते.

“टीव्हीवाला सहा म्हनत हुता,” ते म्हणाले. “मग सहाच्या नावावं ऱ्हाऊ द्यायचं.”

“त्यानं केला नव्हता, अब्बा.”

 ताट समोर आल्यावर ते म्हणाले, “व्हय. ते बी खरं हाय.”

पुढच्या आठवड्यातला व्हिडिओ उघडताना तिची बोटं जड झाली होती. मैदानावर बर्फाचे ढीग कडेला लोटलेले होते आणि माणसं परत तेवढीच, दोनशेच्या आतबाहेर. लॉरी खेळत होता. म्हातारा सांगत होता की रविवारी सकाळी आयन माझ्याच गल्लीत एका बाईचा बॉयलर बघायला आला होता आणि त्या बाईनं त्याला मॅचबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मग पहिला उंच बॉल आला, लॉरीनं तो डोक्यानं परतवला, आणि कुंपणाजवळची सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. महेजबीननं हेडर म्हणून नोंद केली. टाळ्या थांबेपर्यंत तिनं पुढचं बटण दाबलं नाही.

उदयसिंहांनी तिला लाइव्हच्या टीममध्ये घ्यायचं ठरवलं. तिनं मे महिन्यापर्यंतची मुदत मागितली. यांची लीग संपू दे, मग येते, म्हणाली. ते हसले, पण तयार झाले.

मार्चपासून लॉरी बऱ्याचदा बाहेर बसू लागला. उजवा पाय तो आता फारच जपून टेकवत होता. मेमधली शेवटची मॅच आली तेव्हा बालक्रेग आठव्या नंबरावर होतं, त्या मॅचमधून कोणाचंच काही वर-खाली होणार नव्हतं. म्हाताऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलं की आयनची ही शेवटची. सत्तराव्या मिनिटाला बदलीचा खेळाडू कडेला येऊन उभा राहिला. खेळ थांबला. दोन्ही टीमचे खेळाडू समोरासमोर ओळी करून उभे राहिले आणि लॉरी त्यांच्यामधून चालत निघाला.

आणि वर्षभर उंचावरून हलला नव्हता तो कॅमेरा पुढं सरकायला लागला. लॉरी मोठा होत गेला. पडदा त्याच्या चेहऱ्यानं भरला तेव्हा महेजबीन खुर्चीत मागं सरकली. हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. कपाळावरचे केस गेलेले, गालांवर तपकिरी ठिपके, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. चाळिशीला टेकलेला, दमलेला, कोणाच्याही दारात हत्यारांची पेटी घेऊन उभा असेल असा एक माणूस. त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. कुंपणापलीकडून एका बाईनं त्याला कोट दिला. म्हाताऱ्यानं त्याचं पूर्ण नाव घेतलं.

तिनं वेळ टाकली, पाच बाहेर, चौदा आत, आणि उरलेली वीस मिनिटं पुरी केली.

संध्याकाळी रसूलभाई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होते. तिच्या जुन्या पिशवीचा बंद तुटला होता, तो ते लावणार होते. तिनं सांगितलं की लॉरी आज खेळायचा थांबला.

“मग आता काय करनार त्यो?”

“काय करणार? सोमवारी कामावर गेला असेल. बॉयलर आहेतच.”

“मानसं किती हुती?”

“दोनशे सोळा. तो म्हातारा शेवटी सांगतो.”

रसूलभाईंनी सुई उजेडात धरली. दोरा ओवला गेला होता.

“मी कुंडलचं दुकान बंद केलं तवा समोर रस्त्याला एक म्हस हुबी हुती,” ते म्हणाले. “ती बी दुसऱ्याची.”

ती हसली, आणि तेही हसले. मग त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि पहिला टाका घातला.

“दोनशे सोळा,” ते म्हणाले. “लय झाली.”